वळणातले 40 मिलिमीटर

दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण विचारतात. आशय काय, सौंदर्य कशात आहे, भाषेची खासियत कोणती, अशा तीन अंगांनी ते लिहायचं असतं. आज मी ज्या कृतीचं रसग्रहण करायला बसलो आहे, ती लोखंडाची आहे. एक इंच बाहेरचा व्यास आणि 3 मिलिमीटर जाडीची भिंत असलेली पोलादी नळी दोन ठिकाणी काटकोनात वळवून केलेली एक कमान. मुंबईत, खारदांड्याच्या कोळीवाड्यात, एका घराच्या ओट्यावर ती वळवली गेली. वळवणारा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि देखरेख करणारे शेजारचे काका बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. कॉलेजच्या चमूने शर्यतीसाठी बांधायला घेतलेल्या छोट्या गाडीत ही कमान चालकाच्या पाठीमागे उभी राहील. गाडी उलटली तर डोकं आणि जमीन यांच्या मध्ये जे काही असेल ते हेच.

अशा कमानीकडे बघणारे बहुतेक जण तिचा रंग बघतात, वेल्डिंगची शिवण बघतात. मला वाटतं, खरं वाचायचं असतं ते वळण. वेल्डिंग ग्राइंडरने घासून साजरं करता येतं, रंगाखाली बरंच काही झाकता येतं. वळणाला मात्र दुसरा खर्डा नाही. एकदा नळी वळली की करणाऱ्याचा हात, त्याची घाई, त्याने घेतलेली त्रिज्या आणि निवडलेलं गेज, म्हणजे भिंतीची जाडी, सगळं तिथे कायमचं उमटतं. ते वाचायला यंत्र लागत नाही. तिरपा उजेड आणि आपला अंगठा पुरतो.

खारदांड्यात हे काम घडावं याचं मला नवल वाटत नाही. 1924 साली खार रोड स्टेशन झालं, पुढे पश्चिमेला बंगले उठले, मग इमारती उठल्या; पण समुद्राच्या कडेला कोळीवाडा राहिला आणि त्याच्याबरोबर हाताने दुरुस्ती करण्याची सवयही राहिली. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेच्या आधी जे काही डागडुजीचं असेल ते याच दिवसांत उरकायचं असतं. ताडपत्री धरणाऱ्या कमानी, इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी, चढता-उतरताना धरायचे कठडे, सगळं वळवलेलं पोलाद. खारं वारं एवढं जहाल की पावसाळ्यात घासून उघडं केलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं. म्हणून इथला माणूस नळी घेताना भिंत जाड घेतो आणि काम झाल्याबरोबर रेड ऑक्साइडचा हात मारतो. गाडीचं काम करणाऱ्या पोराला हे शहाणपण शेजारात आयतं मिळालं.

आता वळण वाचू. नळीच्या वळणाला बाहेरची पाठ असते, आतलं पोट असतं आणि दोन्ही बाजूंना दोन कुशी असतात. प्रत्येकीवर वेगळा मजकूर असतो.

आधी पाठ. काळ्या नळीवर एक पातळ पापडी असते. कमानीच्या पाठीवर उजेड तिरपा पाडला की या पापडीत बारीक आडव्या रेघा दिसतात, नळीच्या लांबीला काटकोनात. खालचं पोलाद लांबलं, वरची पापडी लांबू शकली नाही, म्हणून ती तडकली. मला या रेघा फार आवडतात, कारण धातू कुठे आणि किती ताणला गेला याचा नकाशाच त्यांनी काढून ठेवलेला असतो. वळण जिथे सुरू होतं तिथे रेघा विरळ आहेत, मधोमध दाट आहेत, पलीकडे पुन्हा विरळ होतात. मधेच एका ठिकाणी त्यांची गर्दी झाली असती, तर समजायचं की जोर झटक्याने लागला आणि सगळा ताण एका जागी साचला. या कमानीवर तशी गर्दी नाही. हात शेवटपर्यंत एका लयीत चालला आहे.

आता हिशोब, कारण या वळणाचा आशय हिशोबातच आहे. नळीच्या मध्यरेषेची त्रिज्या 100 मिलिमीटर धरली आहे. काटकोनी वळणात मध्यरेषा 157 मिलिमीटर भरते. पाठीची लांबी होते 177 आणि पोटाची 137. फरक 40 मिलिमीटरचा. वळवण्याआधी दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या होत्या. म्हणजे पाठीने 20 मिलिमीटर ताणून घेतलं आणि पोटाने 20 मिलिमीटर आत दाबून घेतलं. आता त्रिज्या बदलून बघा. 50 मिलिमीटर घेतली तरी फरक 40 येतो, 300 घेतली तरी 40 च येतो. वळण ऐसपैस घ्या की आखूड घ्या, एक इंची नळी काटकोनात वळवली की पाठ पोटापेक्षा 40 मिलिमीटरने लांब होणार. त्यातून सुटका नाही.

हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. त्रिज्येच्या हातात एवढंच आहे की हे 40 मिलिमीटर किती लांबीवर वाटून द्यायचे. 300 च्या त्रिज्येत पाठीला फक्त 4 टक्के ताण येतो. 100 च्या त्रिज्येत तो 13 टक्क्यांच्या जवळ जातो. 50 मध्ये 25 टक्के होतो, आणि साधं मृदू पोलाद ताणून बघितलं तर साधारण एवढ्यालाच तुटायला येतं. तुटलं नाही तरी त्या वळणात पुढचा धक्का सोसण्याची ऐपत उरत नाही. सगळी शिल्लक वळतानाच खर्च झालेली असते. म्हणून चांगला कारागीर जागा असेल तिथे त्रिज्या मोठी घेतो. कमान डोळ्याला भरदार दिसते याचं कारणही हेच आहे. ताण नीट वाटला गेला की आकार आपोआप देखणा होतो.

पोटाकडे या. इथे अंगठा फिरवायचा. धातू दाबला जातो तेव्हा त्याला कुठेतरी जायचं असतं. भिंत जाड असेल तर तो भिंतीतच मुरतो, तिथली जाडी थोडी वाढते. भिंत पातळ असेल तर त्याला मुरायला जागा नसते आणि लुगड्याच्या निऱ्या पडाव्यात तशा सुरकुत्या उठतात. नळीचा व्यास भागिले भिंतीची जाडी, हा आकडा काढून ठेवला की काय होणार ते आधीच कळतं. या कमानीत 25.4 भागिले 3, म्हणजे साडेआठच्या आसपास. ही नळी रिकामीच, आत काहीही न भरता, थंड वळते. सायलेन्सरची दीड इंची, 18 गेजची नळी घ्या. तिची भिंत सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर, आकडा 31 वर जातो. ती तशीच वळवायला घेतली तर पोटाला निऱ्या पडतात किंवा नळी एका जागी बसते. बसली की मग तिला वळण म्हणत नाहीत, पिचलेला पाईप म्हणतात.

या कमानीच्या पोटावर अंगठा कुठेही अडत नाही. काळी पापडी मात्र इथे रेघांच्या जागी खपल्यांनी सुटली आहे. दाबलेल्या बाजूची ती खूण.

राहिल्या कुशी. वळताना पाठ आत ओढली जाते, पोट बाहेर ढकललं जातं आणि नळी कुशींकडे फुगते. गोलाचा लंबगोल होतो. व्हर्नियर लावून मोजलं तर वळणाच्या मधोमध पाठ-पोटामधलं अंतर 24.6 आणि कुशीपासून कुशीपर्यंत 26.0 भरलं. लहान भागिले मोठा, 0.946. हे बरं की वाईट? इथे आपल्याकडे छंदशास्त्र आहे. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयए हिच्या नियमावलीत सुरक्षा-पिंजऱ्याच्या नळ्यांसाठी वळणाचे नियम दिले आहेत. वळण थंडच वळवायचं. मध्यरेषेची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान तिप्पट हवी. वळणात नळी लंबगोल झालीच तर लहान आणि मोठ्या व्यासाचं प्रमाण 0.9 च्या खाली जाता कामा नये. वळणाचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि एकसारखा हवा, सुरकुती नको, तडा नको. थोडक्यात सांगितलेले हे नियम मला अतिशय सुंदर वाटतात, कारण पाठ, पोट, कूस या तिन्हींना त्यात जागा आहे. आपल्या कमानीची त्रिज्या तिपटीहून जास्त, जवळजवळ चौपट आहे आणि गोलाईचं प्रमाण 0.946 आहे. वळणापुरती कमान या वृत्तात चोख बसते.

या 0.9 चं मर्म काय, तेही बघण्यासारखं आहे. पातळ भिंतीच्या नळीचा परीघ तोच ठेवून गोलाचा 0.9 प्रमाणाचा लंबगोल केला, तर आतलं क्षेत्रफळ अर्धा टक्कासुद्धा कमी होत नाही. धूर वाहून नेणाऱ्या नळीला त्याने काहीही फरक पडत नाही. पण चपट्या झालेल्या दिशेने वाकायला विरोध करण्याची ताकद साधारण 8 टक्क्यांनी घटते. एकच लंबगोल सायलेन्सरला चालतो आणि पिंजऱ्याला मर्यादेवर येतो. वळण कशासाठी आहे हे माहीत नसेल, तर ते चांगलं की वाईट ठरवता येत नाही.

नळीच्या शिवणीबद्दल थोडं. ही नळी सीमलेस आहे, तिला शिवण नाही. पण बाजारात सहज मिळते ती ई.आर.डब्ल्यू. नळी, पट्टी गोल करून कडा विजेने जोडलेली. तिच्या आत डोकावलं की लांबीभर एक बारीक उंचवटा दिसतो. अशी नळी वळवताना ती शिवण कुशीला ठेवायची, पाठीला किंवा पोटाला नाही. कुशीला ताणही फारसा नसतो आणि दाबही नसतो. रिक्षाच्या हुडाच्या कमानी किंवा उजव्या बाजूला उतारूंना उतरता येऊ नये म्हणून लावलेला दांडा कधी रंग उडालेला दिसला, तर शिवण कुठे आहे ते बघा. शिवण कुशीला असेल तर करणाऱ्याने साच्यात घालण्याआधी नळी फिरवून पाहिली होती.

खरेदीच्या वेळी एक गोंधळ हमखास होतो. पाण्याचा 'एक इंची पाईप' आणि गाडीच्या कामाची 'एक इंची ट्यूब' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाईप आतल्या नाममात्र मापाने विकला जातो, त्याचा बाहेरचा व्यास 33 मिलिमीटरच्या वर भरतो. ट्यूब बाहेरच्या व्यासाने आणि भिंतीच्या जाडीने विकली जाते. पाईपासाठीच्या साच्यात ट्यूब घातली तर ती खोबणीत सैल बसते आणि दोन्ही कुशींना आधार न मिळाल्याने तिथेच चपटी होते. वाहनांसाठीच्या पोलादी नळ्यांचं भारतीय मानक वेगळं आहे, आय.एस. 3074, पाण्याच्या पाईपांचं 1239. दुकानात मागताना बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली की प्रश्न मिटतो.

आता घडण. ओट्याच्या कडेला काँक्रीटमध्ये पुरलेला गर्डरचा एक तुकडा आहे. त्यावर खोबणीचं पोलादी चाक बसवलेलं, हाच साचा. नळीचं टोक चाकाला पकडून धरणारी एक कडी. पलीकडून नळीला खोबणीत दाबून ठेवणारा एक रोलर, आणि तो फिरवायला दीड मीटर लांबीचा दांडा. एवढंच यंत्र. एवढ्याने 3 मिलिमीटर भिंतीची नळी वळेल का, अशी शंका येते. ढोबळ हिशोब केला तर दांड्याच्या टोकाला 40 ते 50 किलोचा जोर लागतो. धडधाकट माणूस पाय रोवून उभा राहिला की तो लावू शकतो. हायड्रॉलिक जॅकवर चालणारे पाईप बेंडरही बाजारात मिळतात आणि जाड पाण्याच्या पाईपांना ते ठीक आहेत. पण ते नळीला दोन टेकूंच्या मधोमध ढकलतात. जोर एका जागी येतो आणि पातळ नळी तिथेच पिचते. चाकाभोवती गुंडाळत नेणाऱ्या साध्या साच्यात नळी प्रत्येक क्षणी फक्त एका छोट्या जागी वळते आणि वळून झालेला भाग खोबणीत सुरक्षित राहतो. घरी एकच साधन करायचं असेल तर हे करावं, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या त्रिज्येची कमान हवी असेल तर जुन्या गाडीची चाकाची रिमसुद्धा साचा म्हणून चालते.

थंडच का वळवायची, तर तापवल्यावर पोलादाचा पोत बदलतो आणि तो कुठे किती बदलला हे डोळ्याला दिसत नाही. जीव ज्या नळीवर विसंबायचा आहे, तिच्यात असं अंधारातलं काही नको.

थंड वळवण्यात एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. पोलाद मागे येतं. पाठ आणि पोट कायमचे ताणले-दाबले गेले तरी धातूत थोडी लवचीकता उरते आणि जोर सुटला की तो पूर्वीच्या जागी यायला बघतो. साध्या पोलादात हे मागे येणं दोन-तीन अंशांचं असतं. नळी, गेज, त्रिज्या बदलली की तेही बदलतं. म्हणून 90 हवे असतील तर 92-93 पर्यंत न्यायचं आणि सोडायचं. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. त्याच नळीचा टाकाऊ तुकडा आधी वळवून बघावा लागतो. दांड्यावर असताना मुलाने विचारलं, "काका, अजून एक अंश?" काका म्हणाले, "नाय, सोड. परत येल ती." दांडा सोडल्यावर गुण्या लावला तर दोन्ही बाजूंना कुठेही फट नव्हती.

दुसरं वळण पहिल्यापेक्षा अवघड. नळी साच्यात फिरवून पुन्हा बसवताना ती आपल्या अक्षाभोवती किंचित जरी फिरली, तरी दुसरं वळण वेगळ्या पातळीत जातं आणि कमानीला पीळ बसतो. एकदा बसलेला पीळ काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून आधी नळीच्या कुशीवरून सुतळी ताणून खडूची एक सरळ रेघ टोकापासून टोकापर्यंत मारून घेतात आणि दोन्ही वळणांना ती रेघ साच्याच्या वरच्या बाजूला तंतोतंत आणतात. तपासणी सोपी आहे. कमान लादीवर आडवी टाकायची आणि एकेक पाय दाबून बघायचा. ही कमान हलली नाही. लादीला पूर्ण टेकून पडली.

खुणांचा हिशोबही लिहून ठेवतो, कारण चुकलेली नळी लांबवता येत नाही. कमानीची रुंदी मध्यरेषेवर 600 आणि उंची 900. कोपरे टोकदार असते तर दोन पाय आणि आडवी मिळून 2400 मिलिमीटर नळी लागली असती. पण त्रिज्येचं वळण कोपरा तिरका कापून जातं. प्रत्येक वळणात 200 च्या जागी 157 लागतात, 43 वाचतात. दोन वळणांचे 86. नळी कापायची 2314 ची. सरळ पाय 800, वळण 157, मधली सरळ 400, पुन्हा 157, पुन्हा 800. हा हिशोब आधी पाटीवर झाला, मग साध्या सळईचा तसाच आकार करून गाडीच्या सांगाड्यावर ठेवून पाहिला, आणि मगच नळीला करवत लागली. 6 मीटरची पूर्ण लांबी कोळीवाड्याच्या गल्लीत वळवूनही आणता येत नाही. ती दुकानातच दोन तुकडे करून आणावी लागते, आणि तुकडे कुठे करायचे ते त्या आधी ठरलेलं असावं लागतं.

आता दुसरी जात, वाळू भरून तापवून वळवण्याची. सायलेन्सरच्या पातळ नळीला, जिच्यावर कुणाचा जीव टांगलेला नसतो, ही जुनी रीत आजही चालते. नळीच्या एका टोकाला लाकडी बूच ठोकायचं, वरून बारीक वाळू ओतत राहायची आणि नळीला बाहेरून हातोडीने हलके टिचके मारत राहायचं. आवाज पोकळ येतो तोवर वाळू बसलेली नसते. तो भरीव आला की दुसरं बूच. मग गॅस मारून वळणाची जागा लालबुंद करायची आणि सावकाश वळवायची. आतली वाळू भिंतीला आधार देते, भिंत आत कोसळत नाही. सुरकुती उठते आहे असं दिसलं की तेवढ्याच जागी थोडं पाणी टिपून पोट थंड करायचं, म्हणजे तिथला धातू कडक होतो आणि ताण पाठीकडे जातो. या पद्धतीत करणारा माणूस धातूशी बोलत असल्यासारखा दिसतो आणि तिचं सौंदर्य मला पूर्ण मान्य आहे. पण खारदांड्यात समुद्राची वाळू हाताशी आहे म्हणून कुणी ती उचलून भरू नये. ओली वाळू बंद नळीत तापली की पाण्याची वाफ होते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं किंवा नळीच फुटते. वाळू कढईत भाजून, पूर्ण कोरडी करून, चाळून घ्यायची. बुचाला वाफ जायला बारीक भोक ठेवायचं आणि बुचाच्या रेषेत कधीही उभं राहायचं नाही. दुसरं, जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाईप गॅसवर तापवायचा नाही. जस्त 907 अंशांना उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. घराच्या ओट्यावर, जिथे पोरं-बाळं फिरतात, तिथे तर नाहीच.

घरी बसून गाडीचा सांगाडा घडवण्याची ही हौस महाराष्ट्रात नवी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या भागांतून छोटी चारचाकी बनवली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होते. डिसेंबर 2021 मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली. गाडी नियमांत बसत नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि कल्पकतेचं कौतुकही तितक्याच मोकळेपणाने केलं. जानेवारी 2022 मध्ये लोहार कुटुंबाला तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. त्याच जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी ही उद्योगनगरी उभी राहिली. ती उभी करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात 1888 मध्ये बेळगावला सायकलच्या दुकानाने झाली होती. सायकलचं हँडल ही वळवलेल्या नळीची आपल्या घरोघरी पोचलेली पहिली ओळख म्हणायला हरकत नाही. 1925 साली जर्मनीत रचनाकार मार्सेल ब्रॉयर यांनी आपल्या सायकलच्या हँडलकडे बघूनच वळवलेल्या पोलादी नळीच्या खुर्चीची कल्पना धरली, आणि जगभरच्या घरांतलं सामान बदललं. ज्यांनी वळण नीट पाहिलं, त्यांनी पुढे मोठी कामं केली आहेत, एवढंच मला यातून दाखवायचं आहे.

'बाहा एसएई इंडिया' ही विद्यार्थ्यांची स्पर्धा 2007 पासून होते आहे. तिच्या नियमांत पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांसाठी साधारण इंचभर व्यास, 3 मिलिमीटर भिंत आणि निदान 0.18 टक्के कार्बन असलेलं पोलाद, किंवा तितक्याच ताकदीचं दुसरं काही, अशी अट आहे. पिंजरा बाहेरून करून घेण्याची सोय असते आणि तसं करण्यात गैर काही नाही. पण या मुलाने मुख्य कमान स्वतः वळवली, म्हणून तिच्यातली 40 मिलिमीटरची गोष्ट त्याला हाताने कळली. माझ्या मते ही त्याच्या चार वर्षांच्या शिक्षणातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. कॉलेजांच्या कार्यशाळांत एक साधा साचा आणि टाकाऊ नळीचे तुकडे ठेवायला फार खर्च येत नाही. तो करावा.

ज्यांना घरी हे करून बघायचं आहे त्यांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. रस्त्यावर चालणाऱ्या, नोंदणी झालेल्या गाडीला आपण वळवलेला पिंजरा किंवा पुढचा दांडगा बंपर बसवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत बदल करू देत नाही, केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये बुल बार आणि क्रॅश गार्ड लावायला मनाई केली, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नियमाला कारण आहे. कारखान्याने गाडीचा पुढचा भाग धडकेत चुरगळावा म्हणूनच केलेला असतो. आपण त्याच्या पुढे ताठ नळी लावली की तो चुरगळत नाही आणि धक्का आतल्या माणसापर्यंत पोचतो. शिवाय हेल्मेट नसलेल्या डोक्याला पिंजऱ्याची नळी स्वतःच घातक असते. शर्यतीची गाडी, शेतातली ट्रॉली, होडी, सायकल, हातगाडी, घरचा कठडा, शिकायला आणि वळवायला एवढी जागा पुष्कळ आहे.

आणि दुसरी गोष्ट. पिचलेली नळी हातोडीने ठोकून गोल करू नका, सुरकुतीवर वेल्डिंगचा थर देऊन ती झाकू नका. त्या जागी धातूची शिल्लक संपलेली असते आणि वरून दिलेल्या थराने ती परत येत नाही. तो तुकडा भंगारात द्या, त्रिज्या वाढवा आणि नवी नळी कापा.